अनुदानातला ‘अनु’

मध्यंतरी एका संध्याकाळी एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांच्या तालुक्याच्या गावी शिक्षकदिनाला परिसंवाद आहे, विषय ‘स्कूल व्हाउचर : हवे की नको?’, आणि फलक रंगवणारा विचारतो आहे की मराठीत काय लिहू. “तुम्ही शब्दवाले. एक शब्द द्या, पुढचं आम्ही भांडून घेतो,” म्हणाले. मी बेसावधपणे ‘चिठ्ठी’ म्हणून मोकळा झालो. पलीकडे क्षणभर शांतता. मग : “अहो, चिठ्ठी पालकांकडून रोज यायची. ‘पोटात दुखत होते म्हणून काल आला नाही.’ दुसरा बघा.”

दुसरा बघता बघता चार दिवस गेले, आणि शब्द सापडण्याऐवजी शब्दांचे एक गोत्रच अंगणात येऊन बसले. वाचकांनीही त्यात बसावे, म्हणून हा लेख.

व्हाउचर मराठीला अनोळखी नाही. कचेरीत किरकोळ खर्चाच्या पेटीशेजारी व्हाउचरांचा गठ्ठा असतो. हमालाला, सुताराला पैसे दिले की ‘व्हाउचरवर सही’ घेतात. आपल्याकडचे व्हाउचर हा पैसा गेल्याचा पुरावा. शाळेच्या वादातल्या व्हाउचरचा पैसा अजून जायचा असतो. तो कोणत्या शाळेकडे जावा हे पालकाने ठरवायचे, सरकारने भरायचे. एक कागद मागे बघतो, दुसरा पुढे. एका शब्दाला ही दोन तोंडे फुटली कशी?

मूळ लॅटिन ‘वोकारे’, म्हणजे हाक मारणे, बोलावणे. फ्रेंचमार्गे हे क्रियापद इंग्लंडच्या न्यायालयात शिरले. जमिनीच्या मालकीवर कोणी दावा लावला, तर ज्याच्याकडून जमीन घेतली त्याला ‘बोलावून’ हक्काची हमी द्यायला उभे करायचे. या बोलावण्याचे नाव व्हाउचर. आपल्या खरेदीखतातही हे बोलावणे आहेच : कोणी हिस्सा-हरकत काढल्यास निवारण लिहून देणाऱ्याने करावयाचे, अशा अर्थाचे कलम जुन्या-नव्या दस्तांत हटकून दिसते. पुढे माणसाला बोलावण्याऐवजी कागद दाखवला तरी चालू लागले, आणि साक्षीदाराचे नाव साक्षीच्या कागदाला चिकटले. ते आपले कचेरीतले व्हाउचर. आणि ‘हा कागद आणणाऱ्याला अमुक द्यावे, हमी आमची’ हा अर्थ त्याच्याही पुढचा, बऱ्याच अलीकडचा असावा.

पण खरी गंमत ‘वोकारे’च्या मागे आहे. त्याचा सख्खा भाऊ संस्कृतात ‘वच्’ म्हणून नांदतो : वाक्, वाचा, वचन. मराठी कायद्याच्या भाषेत प्रॉमिसरी नोटेला ‘वचनचिठ्ठी’ म्हणतात. म्हणजे ज्याने हा शब्द घडवला त्याने नकळत व्हाउचरच्या चुलत्याला चिठ्ठीच्या जोडीला आणून बसवले. माझी पहिली ‘चिठ्ठी’ अगदीच वाया गेली नव्हती. ती इंग्रजीनेही आपल्याकडूनच उचलून ‘चिट’ केली आहे.

‘कागद आणणाऱ्याला द्यावे’ हा व्यवहार आपल्याकडे नवा नाही, तेव्हा जुन्या पेठेत शिरणे भाग होते. पहिली भेटली ती हुंडी. हुंड्यांच्या जाती ‘जोग’ या शेपटावरून ओळखतात : धनीजोग, नामजोग, शहाजोग. जोग म्हणजे ‘योग्य’, कोणाला देण्यास योग्य ते सांगणारा. धनीजोग हुंडी धन्याला द्यावी, नामजोग ज्याचे नाव लिहिले त्यालाच, आणि शहाजोग हुंडी पेठेतल्या पतदार माणसाच्या हाती द्यावी. या शहाला फारसी बादशहा समजण्याचा मोह होतो. पण तो बहुधा ‘साधु’ मधून ‘साहु’, ‘साव’ असा उतरला असावा. चोर नव्हे तो साव, आणि त्याचा धंदा सावकारी. खरा फारसी शाह दुसऱ्याच ठिकाणी दडला आहे. बुद्धिबळात राजाला दिलेला शह युरोपात जाऊन ‘चेक’ झाला, आणि तिथून थेट बँकेच्या खिडकीवर पोचला. शाळेच्या व्हाउचरला स्पॅनिश भाषेत ‘चेके एस्कोलार’ही म्हणतात, साधूच्या हुंडीचे काम तिथे शाहाचा कागद करतो.

दुसरी भेटली वरात. लग्नाची वरात ‘वरयात्रे’तून आली हे कोणीही सांगेल. पण मराठेशाहीच्या कागदांत हिची एक जुळी बहीण वावरते, आणि तिचे घराणे अगदी वेगळे : अरबी-फारसी ‘बरात’. अमक्या महालाच्या वसुलातून तमक्याला इतके द्यावे, असा सरकारी हुकूम म्हणजे वरात, आणि तो घेऊन जाणारा वरातदार. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही वराता शेजारी राहतात. तिच्याच जवळची ‘तनखा’. फारसीत तन म्हणजे शरीर आणि ख्वाह म्हणजे हवे असलेले. आधी वसुलावरची नेमणूक, मग पगार, आणि शेवटी संस्थानिकांचे तनखे, जे १९७१ साली बंद झाले. (जमाबंदीतला तनखा ‘टंक’ या नाण्यावरून आला असेही सुचवतात; ती वाट आज सोडून देऊ.)

हे सगळे शब्द एका जातीचे दिसतात. पैसा सरकारात किंवा पेढीवर, हक्काचा कागद माणसाच्या हातात, आणि तो घेऊन जायचे कुठे ते जोगावर अवलंबून. १९५५ साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी शाळांसाठी मांडलेली कल्पना याहून फार दूर नाही : सरकारने मुलामागे ठराविक रकमेचा कागद पालकाला द्यावा, तो मान्यताप्राप्त शाळेतच वटावा. म्हणजे मुलापुरती नामजोग, शाळेपुरती… ‘शाळाजोग’ म्हणावे काय? मला शब्द आवडला. कल्पनाही फ्रीडमनहून जुनी आहे. टॉमस पेनने १७९२ मध्येच चौदा वर्षांखालच्या गरीब मुलामागे वर्षाला चार पौंड आईबापांना द्यावेत आणि त्यातून शिक्षण व्हावे असे सुचवले होते. स्वीडनने १९९२ पासून हे केले आणि त्याला साधे सरळ नाव दिले ‘स्कूलपेंग’, शाळेचा पैसा. जर्मनांचा ‘गुटशाइन’ आणखी वेगळा : जमा असल्याचे दाखवणारा कागद.

कागदाला स्वतःचे मत नसते, हेही इथेच नोंदवावे. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये काळी-गोरी मुले एका वर्गात बसू नयेत म्हणून सार्वजनिक शाळांनाच कुलूप लावले, आणि गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेसाठी शुल्काची मदत उभी राहिली. १९९० मध्ये मिलवॉकी शहरात तसाच कागद गरीब मुलांच्या हाती दिला गेला, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत काळे पालक आणि त्यांचे प्रतिनिधी पुढे होते. अमेरिकेतला वाद आजही या दोन आठवणींच्या मध्ये उभा असतो.

आता दुसरा पक्ष : ग्रँट. शिक्षकांच्या खोलीत हा शब्द असा रुळला आहे की त्याला परका म्हणणे पाप. ‘ग्रँट आली का?’, ‘आमची नॉनग्रँट’, ‘वीस टक्क्यांवर आलो’. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी साहाय्य देण्याची पद्धत इथे आणली. अटी घातल्या त्यात एक मजेची : मदत हवी तर शाळेने थोडी का होईना फी घेतलीच पाहिजे. फुकटचे शिक्षण लोक मोलाचे मानत नाहीत, असा साहेबाचा समज. आणि ग्रँट हा शब्द? जुन्या फ्रेंचातून मागे जाता जाता तो लॅटिन ‘क्रेदेरे’ला, म्हणजे विश्वास ठेवण्याला भिडतो, आणि ‘क्रेदेरे’ हा संस्कृत ‘श्रद्धे’चा भाऊ, हे तौलनिक व्याकरणातले जुने आणि पक्के नाते आहे.

म्हणजे वादाचे दोन्ही पक्ष आपल्याच घरातले निघाले. ग्रँट ही श्रद्धा, व्हाउचर ही वाचा. एकाचे म्हणणे, शाळा नावाच्या संस्थेवर विश्वास ठेवा, तिला पोसा, ती सगळ्यांच्या मुलांना शिकवील. दुसऱ्याचे म्हणणे, विश्वास पुरे, आता साक्षीदाराला बोलावा. आणि साक्षीदार म्हणजे पालक, ज्याला पाय आहेत.

मग आपला शब्द ‘अनुदान’ काय म्हणतो? व्हाउचरवाल्यांचे आवडते वाक्य असे की पैसा मुलाच्या मागून जावा. ‘अनु’ या उपसर्गाचा अर्थच मागून : अनुज मागून जन्मतो, अनुचर मागून चालतो, अनुयायी मागून जातो. व्युत्पत्तीला धरून बसलो तर अनुदान म्हणजे मागून जाणारे दान; ज्या शब्दाविरुद्ध व्हाउचरवाले लढतात तोच त्यांचे घोषवाक्य पोटात घेऊन बसला आहे. शब्द घडवणाऱ्याच्या मनात बहुधा ‘साहाय्यक, पूरक’ एवढेच असावे. पण उपसर्गाने एक प्रश्न मात्र उघडा ठेवला : मागून, पण कोणाच्या?

याच प्रश्नावर पुण्यात एकोणिसाव्या शतकात चांगली जुंपली होती, फक्त शब्द होता दक्षिणा. श्रावणमासी विद्वानांना दक्षिणा वाटण्याची चाल सेनापती दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली, पेशव्यांनी ती पुण्यात आणली, पर्वतीच्या रमण्यात गर्दी होऊ लागली. दक्षिणा आणि दान यांत शास्त्राने भेद केला आहे. दानाला परतफेड नाही, दक्षिणा झालेल्या कामाबद्दल असते. ‘दक्ष्’ धातूत समर्थ असण्याचा अर्थ आहे. उजवा हात तो दक्षिण, उगवत्या सूर्याकडे तोंड केले की उजवीकडे येते ती दक्षिण दिशा, आणि तिच्यावरून आपले दख्खन. तर ही दक्षिणा माणसाच्या हाती पडत असे. पेशवाई गेल्यावर तिचा काही हिस्सा १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात उघडलेल्या पाठशाळेकडे वळला, माणसाकडून संस्थेकडे. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या मित्रांनी अर्ज केला की यातला पैसा मराठी ग्रंथांना द्यावा. शास्त्रीमंडळी खवळली, तरी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. पुढे ‘दक्षिणा फेलो’ निघाले, रानडे-भांडारकरांसारखे, आणि पैसा पुन्हा माणसाच्या हाती गेला. माणूस, संस्था, ग्रंथ, परत माणूस. एकाच निधीने इतक्यांची पाठ धरलेली पाहिली, की आजचा वाद नवा वाटेनासा होतो.

विसाव्या-एकविसाव्या शतकांत मराठीने अनुदानाभोवती विशेषणांची जी आरास केली, तिला तोड नाही. अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित. आणि मुकुटमणी ‘कायम विनाअनुदानित’. संस्कृत देहावर अरबी पागोटे. ‘क़ाइम’ म्हणजे उभा असलेला, म्हणून टिकलेला, म्हणून कायमचा. याच अरबी धातूतून ‘मुक्काम’ आला. कायम विनाअनुदानित शाळांचे शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकत राहिले, त्यांना हे नाते सांगून काही दिलासा मिळाला नसता. २००९ मध्ये शाळांच्या बाबतीत ‘कायम’ शब्द वगळण्यात आला. मराठीच्या इतिहासात एक विशेषण काढण्यासाठी एवढी आंदोलने दुसरी झाली नसावीत, आणि ते विशेषण होते ‘कायम’! तो गेल्यावर अनुदान आले तेही टप्प्याटप्प्याने, वीस टक्क्यांपासून. वेतनेतर अनुदान, संचमान्यता, वाढीव टप्पा : हे शब्द ज्याने पगाराच्या तारखेला जपमाळेसारखे ओढले आहेत, त्याला वेगळा कोश नको.

आता ‘पट’. शाळेला किती शिक्षक मिळणार, म्हणजे सरकारचा किती पैसा येणार, हे पटावर ठरते. म्हणजे आपले अनुदानही मुले मोजूनच येते. फक्त कागद पालकाच्या हातात नसतो, हजेरीपटावर असतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली आणि पटावर असलेली पण बाकावर नसलेली मुले मोठ्या संख्येने सापडली. त्या मुलांमागूनही पैसा जात होता. मागून जाणाऱ्याने पुढे कोणी आहे की नाही ते पाहायचे असते, एवढे ‘अनु’मध्ये अध्याहृत असावे.

पण या पटाचे कुळ पाहा. संस्कृत ‘पट’ म्हणजे वस्त्र, ‘पट्ट’ म्हणजे फळी, पत्रा, लेख कोरायचा तुकडा. दोघे एकमेकांत इतके मिसळले आहेत की वेगळे काढणे अवघड. त्यातून पाट, पट्टा, आणि ताम्रपटातल्या पट्टकिलातून पाटील. मुलाच्या हातातली पाटी त्यातलीच, आणि घरपट्टी-पाणीपट्टीतली पट्टीही. लिहिण्याची फळी, तिच्यावर मांडलेली यादी, यादीप्रमाणे गोळा केलेली वर्गणी, असा अर्थांचा प्रवास झालेला दिसतो. विलायतेतही हेच घडले. तिथल्या खजिन्याचे ‘एक्सचेकर’ हे नाव पैसे मोजायच्या मेजावरच्या चौकड्याच्या कापडावरून, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरून पडले. शाह पुन्हा हजर, आणि पटही. लोकांनी भरायची पट्टी, शाळेचा पट आणि पोराची पाटी : सार्वजनिक शिक्षणाचा सगळा हिशेब मराठीत एकाच कुळाच्या घरात राहतो. या घरातले लोक एकमेकांशी बोलत नाहीत, ही तक्रार अगदी स्पष्टपणे जोतीराव फुल्यांनी केली. जमीनमहसुलाच्या रुपयामागे आणा लोकल फंड शेतकऱ्याकडून घेतला जाई, त्यातला काही भाग शाळांसाठी म्हणून. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना फुल्यांचा मुद्दा हा होता की पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिकतात वरच्या वर्गांची मुले. पट्टी एकाची, पाटी दुसऱ्याची.

यावरचा आपल्या काळातला उपाय म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातले पंचवीस टक्के. २००९ च्या या कायद्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशवर्गातल्या चौथाई जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावल्या. फीची प्रतिपूर्ती सरकार करणार, तीही सरकारी शाळेत मुलामागे होणारा खर्च आणि शाळेची फी यांपैकी कमी असेल तेवढीच. नावाने व्हाउचर नाही, पण पैसा मुलामागून जातो. अर्ज जास्त, जागा थोड्या, म्हणून सोडत निघते. म्हणजे चिठ्ठी आहे, फक्त टाकायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

‘वंचित’ पाशी मी बराच वेळ थांबलो. ‘वञ्च्’ म्हणजे वाकडे जाणे, निसटणे, आणि दुसऱ्याला निसटवणे म्हणजे फसवणे. वंचित म्हणजे मुळात फसवलेला. ‘ज्याला मिळाले नाही’ हा आजचा सौम्य अर्थ मागाहूनचा. याच धातूच्या निसटण्यातून ‘वाचणे’, म्हणजे जीव बचावणे, आले असावे. पुस्तक वाचणे मात्र ‘वच्’ मधले. भिंतीभिंतींवर रंगवलेल्या ‘वाचाल तर वाचाल’ या घोषणेत पहिले वाचणे वचनाचे, दुसरे वंचिताचे. व्हाउचर पहिल्याच्या भावकीतले. दोन परक्या धातूंनी मराठीत येऊन एकच रूप घ्यावे आणि भिंतीवर शेजारी बसावे, हा योगायोग भाषाच करू जाणे.

वाचनाचा एक नमुना आंध्र प्रदेशातला. तिथे २००८ पासून सोडतीने काही मुलांना खासगी शाळेसाठी व्हाउचर दिली गेली, आणि चार वर्षांनी कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली. तेलुगू आणि गणितात फरक दिसला नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुले पुढे होती. आणि खासगी शाळांचा दरमुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या सुमारे तिसरा हिस्सा होता. एक पक्ष यात वाचतो : तेवढेच शिक्षण तिसऱ्या हिश्श्यात. दुसरा वाचतो : एवढी उलथापालथ करून गणित जिथल्या तिथे. तिसऱ्या हिश्श्यात शाळा चालते ती शिक्षकाच्या पगारात, हेही कोणीतरी वाचावे.

‘प्रतिपूर्ती’ म्हणजे उलट भरणे, रिकामे झालेले पुन्हा भरणे. आधी रिकामे होण्याची अट शब्दातच आहे, आणि ती शाळा पाळतात; भरणे मात्र थकत जाते, ही तक्रार दर जूनला ऐकू येते. जुन्या पेढीच्या भाषेत कागद दर्शनी, म्हणजे दाखवताच वटायचा, आणि पैसा मुदती, म्हणजे मुदतीनंतर मिळायचा. वरातीमागून घोडे, म्हणतात ते लग्नाच्या वरातीबद्दल. पण वसुलावरच्या वरातीलाही ते तितकेच लागू पडावे, आणि ‘अनु’लाही.

एवढे सगळे झाल्यावर मुख्याध्यापकांना फोन केला आणि मोठ्या ऐटीत ‘शाळाजोग हुंडी’ सांगितली. जोगाची व्युत्पत्तीही सांगितली, शहाजोग-नामजोगासकट. त्यांनी नीट ऐकून घेतले.

“शब्द चांगला आहे,” म्हणाले, “पण शहाजोग हुंडीला पेठेत एकापेक्षा जास्त शहा लागत असतील ना?”

लागत असणार, म्हटले.

“मग आमच्याकडे सात वाड्यांना मिळून शाळा एक. पट अठरा. पालकाने हुंडी घेऊन निघायचं कुठे? आणि त्यातली चार पोरं एसटीच्या वाटेला लागली तर उरलेल्या चौदांची शाळा राहते का?”

माझ्याकडे व्युत्पत्ती होती, उत्तर नव्हते. ‘वटणे’ हे क्रियापद ‘वृत्’ मधले असावे, त्यातलीच शिष्यवृत्तीतली वृत्ती, असे काहीतरी मी पुटपुटलो.

“ते राहू द्या. फलकावर शाळाजोगच लिहितो,” ते म्हणाले. “आणि खाली कंसात अठरा.”